मुळाकडचा दोरा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काटाबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठीमागे काटाबाई. त्यांना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत ही बाई श्वाससुद्धा सोडत नाही, अशी त्यांची ख्याती होती. आता तराजूंना काटे राहिले नाहीत, नुसते आकडे उमटतात. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

काम विषं शोधायचं. कुणी तरी जातं, कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकते, आणि मग गेलेल्याचं रक्त, नखं, केस, पोटातलं जे काही असेल ते सीलबंद होऊन दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबलचक खोलीत येतं. खोलीच्या एका बाजूला काचेचं कपाट, त्यातला पंखा आम्लांचा धूर दिवसभर ओढत असायचा. खिडकीच्या फळीवर तपकिरी बाटल्यांची रांग. दुपारी ऊन त्या बाटल्यांतून आत यायचं आणि सगळी खोली मधाच्या रंगाची होऊन जायची. पंख्याची घरघर, नळाचं ठिबकणं, जेवणानंतरची सुस्ती. साहेब त्यांच्या केबिनमध्ये बिनधास्त डुलक्या काढायचे. काटाबाईंना त्या वेळी काम करायला फार बरं वाटायचं. जागं असूनही नसल्यासारखं, हात आपोआप चालायचे.

अशाच एका दुपारी ते प्रकरण त्यांच्याकडे आलं. काचेच्या कारखान्यातल्या एका कामगाराची बायको गेली होती. वर्षभर पोटाच्या तक्रारी, उलट्या, पायांची आग, हातापायांना मुंग्या. डॉक्टर बदलून झाले, औषधं बदलून झाली, बाई खंगत खंगत गेली. शेवटच्या डॉक्टरला तिच्या नखांवरच्या आडव्या पांढऱ्या रेघा खटकल्या आणि त्यानं पोलिसांना कळवलं. काच नितळ व्हावी म्हणून त्या कारखान्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरायचे. नवरा बरोबर त्याच खात्यात. घरात भांडणं व्हायची हे शेजाऱ्यांनी ऐकलेलं. आणखी काय पाहिजे? इन्स्पेक्टरनं त्याला उचलून कोठडीत टाकला आणि मृत बाईचे केस काटाबाईंच्या हवाली केले.

हवाली केले म्हणजे काय, काटाबाई स्वतः शवागारात जाऊन बट कापून आल्या. यात त्या कुणावर विश्वास टाकत नसत. कारण असं की केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, आणि त्या काळात रक्तात जे काही आलं असेल ते त्याच्यात अडकून बसतं. शेंड्याकडचा भाग जुना, मुळाकडचा ताजा. कधी, किती वेळा विष घातलं, हे केसावरून वाचता येतं. फक्त मूळ कुठलं आणि शेंडा कुठला हे चुकता कामा नये. म्हणून बट कापायच्या आधी मुळाशी दोरा बांधायचा. काटाबाई पांढरा दोरा वापरायच्या, दोन गाठी मारायच्या आणि मुळाकडचं टोक अगदी दोऱ्याला लागून कापायच्या. दोऱ्याच्या पलीकडे केसाचं एक कुसळही उरू द्यायचं नाही. साहेब म्हणायचे, तुमच्या गाठी सोडवायला दात लागतात हो.

प्रत्येक तपासणीला एक कोरा नमुनाही लागतो. म्हणजे ज्यात विष नाही हे ठाऊक आहे असा. नाहीतर विष केसातलं की आपल्याच भांड्यातलं, हे कळणार कसं? कोरे केस विकत मिळत नाहीत. प्रयोगशाळेतल्याच कुणाला तरी आपले द्यावे लागतात. बाकीच्यांचे रंगवलेले, नाहीतर डोक्यावर फारसे उरलेलेच नाहीत. मग काटाबाईंनीच आरशासमोर उभं राहून मानेवरची आपली एक बट बांधली आणि कापली. लागतील तेवढे तुकडे करून बाटलीत भरले, उरलेली बट पुडीत घातली आणि मृत बाईच्या पुडीशेजारी खणात ठेवून दिली.

त्याच सुमाराला काटाबाईंची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली होती. घर खायला उठायचं. तिकडे मुलीला एका काकूंच्या घरात खोली मिळाली होती, काकू मायाळू होत्या, जेवायलाही घालायच्या, तेवढाच काटाबाईंच्या जिवाला आधार. रविवारी फोन व्हायचा. बाकीचे दिवस त्या कामात बुडवून घ्यायच्या.

मृत बाईचे केस निघाले भयंकर. शेंड्यापासून मुळापर्यंत सोमलाचे थर, मधे थोडी विश्रांती, पुन्हा थर, आणि मुळाशी सगळ्यात मोठा. मशीननं काढलेली रेघ पाहून साहेबांचीही झोप उडाली. अहवाल गेला. नवऱ्याच्या गळ्याभोवतीचा फास आवळला गेला, आणि काटाबाई आपल्यापुरत्या मोकळ्या झाल्या.

पण नवऱ्याचा वकील चिवट निघाला. त्यानं फेरतपासणी मागितली. काही आठवडे उलटून गेले होते. काटाबाईंनी खण उघडला, मृत बाईच्या पुडीचं सील तपासलं, स्वतःची सही ओळखली, आणि बट पांढऱ्या कागदावर ठेवली.

दोऱ्याच्या पलीकडे केस होते.

फार नाहीत, करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढे असतील. पण मुळाकडे, जिथे त्यांनी दोऱ्याला लागून कापलं होतं, तिथे.

काटाबाईंना पहिल्यांदा राग आला तो स्वतःचा. इतक्या वर्षांत कधी दोरा सरकला नव्हता. दोरा सरकला तर सगळ्या थरांचं गणित चुकतं, वकील चिंधड्या करतो, वर साहेबांची बोलणी. त्यांनी चिमट्यानं दोरा ओढून पाहिला. जागचा हलेना. गाठी पक्क्या होत्या, केस करकचून धरलेले होते. साहेबांना दाखवलं तर ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिले.

"सरकला असेल हो," ते म्हणाले. "दुसरं काय असणार? वयोमानानं होतं असं. दोऱ्याच्या म्हणतोय मी, तुमच्या नाही."

काटाबाई हसल्या नाहीत. त्यांनी बटेचा मधला भाग फेरतपासणीला वापरला, तो पहिल्यासारखाच निघाला, अहवाल गेला. मग त्यांनी दोऱ्याच्या पलीकडचं ते नखभर कापून घेतलं, पुन्हा दोऱ्याला लागून, भिंगातून पाहत. पुडी नव्यानं सील केली आणि खणाला कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. कापलेलं नखभर त्यांनी आम्लात विरघळवलं. का विरघळवलं, हे त्यांना सांगता आलं नसतं. हात आपोआप चालले.

त्यात सोमल होता. मुळाकडच्या मोठ्या थराएवढा नव्हता. अगदी थोडा होता, नव्यानं सुरू केल्यासारखा.

पुढचे काही आठवडे काटाबाईंचं कशात लक्ष लागलं नाही. घरी जाताना ओळखीचा रस्ता लांब वाटायचा, दुकानांच्या पाट्या वाचल्या तरी डोक्यात शिरायच्या नाहीत. आपल्या हातून काहीतरी चूक झाली आहे आणि ती सापडत नाही, एवढंच त्या स्वतःला सांगत राहिल्या. भांडी पुन्हा धुतली, आम्लाची नवी बाटली फोडली, बाटलीतला कोरा नमुना पुन्हा चालवून पाहिला. तो स्वच्छच आला. मग एका दुपारी, साहेब डुलकी काढत असताना, त्यांनी कुलूप काढलं.

बट पुन्हा वाढली होती.

खोलीत मधाळ ऊन होतं, पंखा घरघरत होता, आणि कागदावर एका मेलेल्या बाईचे केस दोऱ्याच्या पलीकडे काळेभोर, तुकतुकीत वाढलेले होते. काटाबाईंना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यांना उलट गहिवरून आलं. कुणीतरी बोलायचा प्रयत्न करतंय, पण तोंड नाही, हात नाहीत, नुसते केस आहेत, असं काहीसं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि मग त्या स्वतःवरच चिडल्या. शास्त्र शिकलेली बाई ना तू?

त्यांनी तो नवा भागही विरघळवला. या वेळी रेघ चढलेली होती. थर, जराशी विश्रांती, मोठा थर.

त्यांनी रेघ मुळापासून पुन्हा एकदा वाचली. अशा रेघा त्यांनी आयुष्यभर वाचल्या होत्या. ही मागच्या वर्षाची गोष्ट नव्हती. कुणाला तरी आत्ता, याच आठवड्यांत विष घातलं जात होतं. आणि नवरा तर कोठडीत होता.

त्यांनी इन्स्पेक्टरला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या घरात आता कोण कोण असतं. मुलगी आहे, इन्स्पेक्टर म्हणाला, शाळकरी. आई गेली, बाप आत, पोरीचे हालच व्हायचे. पण मृत बाईची सख्खी बहीण येऊन राहिली आहे. बहिणीच्या आजारपणातही वर्षभर तीच जाऊन येऊन सेवा करायची.

"देवमाणूस हो, मॅडम. मावशी फार करते तिचं."

"मुलीची तब्येत?"

"आता आई गेल्यावर काय असणार? पोट बिघडलेलं असतं म्हणे. शाळा बुडतेय. डॉक्टर म्हणाला, धक्का बसलाय."

काटाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. खरं कारण सांगितलं असतं तर इन्स्पेक्टरनं त्यांनाच डॉक्टरकडे नेलं असतं. तेव्हा त्यांनी चक्क थाप मारली. म्हणाल्या, घराच्या पाण्यातच सोमल असला तर आपण तोंडघशी पडू. वकिलानं उद्या तेच विचारलं तर? त्या घरात राहणाऱ्या एखाद्याचे केस तपासलेले बरे. मुलीचे चालतील. आणि कापायला मीच येते, तुमची माणसं दोरा उलट्या टोकाला बांधतात. इन्स्पेक्टर कुरकुरला, पण तोंडघशी पडायचं नाव काढल्यावर तयार झाला.

घर छोटं, चकचकीत पुसलेलं. बरोबर आलेला इन्स्पेक्टर दाराशीच थांबला. भांडी घासूनपुसून ओळीनं लावलेली, पडदे धुतलेले. मुलगी खिडकीशी कॉटवर उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, डोळे मोठे. मावशी गोल चेहऱ्याची, हसरी, घरात पाऊल टाकणाऱ्याला आधी बसायला सांगणारी. ताईच्या आठवणीनं तिचे डोळे भरून आले आणि ते खोटे अश्रू नव्हते. काटाबाईंना खऱ्या रडण्यातला आणि खोट्यातला फरक कळायचा. मुलीची उशी सारखी करत ती म्हणाली, "आता हिला मीच. माझ्या हातचं असेल तरच दोन घास जातात तिच्या पोटात."

मग ती ओट्याशी गेली आणि मुलीसाठी दूध ढवळायला लागली. चमचा पेल्याला लागून किणकिणत होता. बराच वेळ.

काटाबाई मुलीच्या मागे बसल्या. केस दाट, काळेभोर, तुकतुकीत. ते आपण कुठे पाहिले आहेत हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मानेजवळची एक बट वेगळी काढून त्यांनी मुळाशी दोरा बांधला.

"आई वेणी घालायची तेव्हा शेंड्याला दोरा बांधायची," मुलगी हळूच म्हणाली. "तुम्ही वर का बांधता?"

"मुळाकडून वाचावं लागतं, म्हणून."

मुलगी मान न वळवता म्हणाली, "आई माझ्या स्वप्नात येते. काही बोलत नाही. नुसती स्वतःचे केस दाखवत बसते."

काटाबाईंनी कात्री चालवली. मुलीचे हात मांडीवर होते, आणि नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या होत्या. चमच्याचा आवाज थांबला. मावशी पेला घेऊन आली. काटाबाई झटक्यात उठल्या, त्यांचा धक्का लागला आणि दूध जमिनीवर सांडलं. त्या ओशाळल्यासारख्या माफी मागत राहिल्या, मावशी हसत म्हणाली असू द्या हो, दुसरं करते. तोवर काटाबाईंनी इन्स्पेक्टरला दारात गाठलं होतं. मुलीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, त्या म्हणाल्या, नखं बघा तिची. इन्स्पेक्टर माणूस हट्टी असला तरी मठ्ठ नव्हता. त्यानं नखं पाहिली, मग मावशीकडे पाहिलं, आणि फरशी पुसायला निघालेल्या मावशीच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

पुढचं सगळं लवकर झालं. मुलीच्या केसातली रेघ आणि दोऱ्याच्या पलीकडच्या केसातली रेघ काटाबाईंनी उजेडाला एकावर एक धरून पाहिल्या. चढ तिथे चढ, उतार तिथे उतार. दोन रेघांची एकच रेघ दिसत होती. मग त्यांनी त्यातली मृत बाईची फाडून टाकली, कारण तिचं काय सांगणार होत्या? ती ज्या केसांची होती ते आम्लात विरून गेले होते. मुलीचा अहवाल पुरेसा होता. मावशीच्या स्वतःच्या घरी माळ्यावर उंदरांच्या जुन्या विषाचा डबा सापडला. असं का केलंस, या प्रश्नाला ती म्हणाली म्हणे, आजारी माणूस किती गोड वागतं, तुम्हाला नाही कळायचं.

नवरा सुटला. मुलगी महिनाभरात चालायला, खायला लागली. काटाबाईंचा जीव भांड्यात पडला. मृत बाईची बट त्यांनी त्यानंतर काही वेळा उघडून पाहिली. ती जिथल्या तिथे होती, दोऱ्याला लागून, सपाट. तिचं काम झालं होतं. काटाबाईंना वाटलं, आई म्हणजे काय असते बघा, आणि त्यांना चक्क हेवा वाटला. आपल्याला असं काही जमलं नसतं. आपण आपल्या मुलीला आठवड्यातून एकदा फोन करतो आणि जेवलीस का एवढंच विचारतो. त्यातही गेले दोन रविवार फोन झालाच नव्हता. कामात आहे, नंतर बोलू, असा निरोप तेवढा आला होता.

निकाल लागला, नमुने नष्ट करायचा आदेश आला. पुन्हा तशीच दुपार, तपकिरी बाटल्यांतून ऊन, केबिनमध्ये साहेबांची मान कललेली. काटाबाईंनी खण रिकामा करायला घेतला. मृत बाईची बट त्यांनी नष्ट करायच्या डब्यात टाकताना क्षणभर हातात धरली. मग शेजारची पुडी उचलली. कोऱ्याची. त्यांची स्वतःची. पहिल्या दिवसानंतर ती उघडायची वेळच आली नव्हती, तुकडे बाटलीत होते ना.

पुडी जराशी फुगल्यासारखी वाटली.

त्यांनी ती कागदावर उलटी केली.

पांढरा दोरा बटेच्या मधोमध होता. अलीकडे त्यांनी कापलेले केस. आणि पलीकडे, मुळाकडे, तेवढेच दुसरे.

ते पलीकडचे पिकलेले नव्हते. काटाबाईंचे केव्हाच पिकायला लागले होते. हे काळे होते, मऊ, तरुण.

त्यांनी ते तपासले नाहीत. तपासायला वेळ लागतो. त्यांनी हातमोजा ओढून काढला आणि मुलीला फोन लावला. पलीकडे बराच वेळ कुणी उचलेना. मग उचलला.

"आई? आज मधेच कसा काय?"

"तू बरी आहेस ना?"

"हो गं. जरा पोट बिघडलंय, सुट्टी घेतलीय. आणि पायांना मुंग्या येतात सारख्या, नव्या चपला असतील. तुला मुद्दाम सांगितलं नाही, तू उगाच काळजी करतेस." मुलीचा आवाज झोपेतून आल्यासारखा होता. "काकू आहेत ना इथे. फार करतात त्या माझं."

तिच्या मागे कुठेतरी चमचा पेल्याला लागून किणकिणत होता. काटाबाईंनी बोलायला तोंड उघडलं, आणि तो थांबला.